कवेलूच्या सहा तुकड्यांवर १४२८५७

आम्ही सात बाया मिळून निंदणाचा ठेका घेतो, हिशेब माझ्याकडं असतो. मागच्या पावसाळ्यात एका वावराचे ५००० रुपये आले. माणशी ७१४ दिले, दोन रुपये हातात उरले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अवं, दोन रुपये कुठी गेले?" त्यांना दाखवायला ओसरीवर जे मांडलं, तेच इथं सांगते.

फुटक्या कवेलूचे सहा तुकडे आणि खडू घ्या. वहीत १ ला ७ नं भागा. एकात सात जात नाही, शून्य देऊन दहा करा. दहात सात एकदा, बाकी ३. तिसात चारदा, बाकी २. विसात दोनदा, बाकी ६. साठात आठदा, बाकी ४. चाळिसात पाचदा, बाकी ५. पन्नासात सातदा, बाकी पुन्हा १. जिथून निघालो तिथंच आलो, म्हणून थांबा. भागाकार आला १४२८५७.

आता प्रत्येक तुकड्यावर वर भागाकाराचा अंक मोठा लिहा आणि खाली बारीक अक्षरात तो अंक येण्याआधी हातात असलेली बाकी. आधीची, नंतरची नाही; माझ्या लेकीनं पहिल्यांदा नंतरची लिहिली आणि सगळं एक घर सरकलं. जोड्या अशा पडतात: १ खाली १, ४ खाली ३, २ खाली २, ८ खाली ६, ५ खाली ४, ७ खाली ५. याच क्रमानं गोल मांडा.

१४२८५७ ला ३ नं गुणायचंय? खाली ३ असलेला तुकडा शोधा, तिथून गोल वाचा: ४२८५७१. पाचानं गुणायचं तर खाली ५, तिथून ७१४२८५. गुणाकार करायचाच नाही, फक्त उभं राहायची जागा बदलायची. सातानं भागताना बाकी १ ते ६ एवढीच उरू शकते, आणि इथं सहाच्या सहा बाक्या एकाच फेऱ्यात येतात. त्यामुळं २ ला भागा की ५ ला, त्याच गोलात दुसऱ्या दारानं शिरणं होतं. हे कळलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत कंदील विझवला नव्हता.

मावशींचा जबाबही इथंच आहे. ५००० म्हणजे खाली ५ असलेल्या तुकड्यापासून वाचायचं: ७१४ रुपये, पुढं २८५७… हा फेरा संपतच नाही. २८ पैसे धरून सातजणींचे १ रुपया ९६ पैसे होतात, तरी चार पैसे उरतातच. त्या दोन रुपयांचं काय करायचं ते सातजणींनी ठरवावं, गणित ठरवत नाही.

सातानं गुणलं तर मात्र गोल मोडतो, ९९९९९९ येतं. मधून कापून बेरीज केली, १४२ अधिक ८५७, तरी ९९९. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अशा संख्यांचा शोध घेतला, ज्यांच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत येते. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. आता २०४०८ आणि १२२४४९ मिळवून बघा. वहीतच करा, मोबाईलवर नको.

पोरांना पुढं भागायला ७ ऐवजी १३ द्या. तुकडे बारा लागतील, पण एक गोल होणार नाही, दोन होतील: ०७६९२३ आणि १५३८४६. मग १७ द्या आणि सोळा तुकडे जमवायला सांगा, तिथं परत एकच मोठा गोल बसतो.