गीतकार-गायकाचा अल्बम कसा ऐकावा

मराठी श्रोत्याच्या कानाला गाणे तीन जणांचे असण्याची सवय आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणात शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या आणि गळे अनेकांचे होते; आजही भावगीत ऐकताना आपण कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे शोधतो आणि दादही तिघांना वाटून देतो. स्वतः लिहिणारा, स्वतः चाल बांधणारा आणि स्वतःच गिटार घेऊन गाणारा कलावंत जेव्हा कोणत्याही कंपनीच्या पाठबळावाचून अल्बम काढतो, तेव्हा ही वाटणी करता येत नाही. अशा अल्बमविषयी नाशिकमध्ये एक तक्रार मी वारंवार ऐकली आहे: ‘आवाज तयार नाही.’ पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे वास्तव्य पंचवटीने पाहिले आहे, त्यामुळे इथल्या कानांनी तयार गळ्याची अपेक्षा करावी हे स्वाभाविक आहे. परंतु हेच शहर कुसुमाग्रजांचेही आहे, आणि कवी स्वतःची कविता वाचतो तेव्हा त्याच्या गळ्याची फिरत कोणी मोजत नाही. असा अल्बम कवीच्या काव्यवाचनासारखा ऐकावा, असे माझे मत आहे आणि पुढील सूचना त्या मताला धरून आहेत.

प्रथम वेळ आणि जागा ठरवावी. ज्या ध्वनिमुद्रणात आवाज आणि गिटार एवढाच ऐवज असतो, त्यात ओळीच्या शेवटी श्वासात विरणारा शब्द बाहेरच्या गोंगाटात सर्वांत आधी हरवतो. असा एक अल्बम मी प्रथम मुंबईला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत ऐकला. इगतपुरी सुटल्यावर कसारा घाटातील बोगदे सुरू झाले, नेटवर्क गेले, दोन गाणी अर्धवट राहिली आणि उरलेली सगळी सारखीच वाटल्यामुळे ‘कंटाळवाणा’ असा शेरा मारून मी मोकळा झालो. पुढे जानेवारीतल्या एका रात्री तोच अल्बम घरी ऐकला, तेव्हा सारख्या वाटलेल्या दोन गाण्यांतले एक बोटांनी छेडलेले आणि दुसरे पिकने (तार छेडण्याच्या छोट्या पट्टीने) वाजवलेले आहे, एवढी ढोबळ गोष्टसुद्धा गाडीत माझ्या ध्यानात आली नव्हती, हे कळले. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला लागून घर असेल तर रात्री दहानंतरची वेळ बरी. हिवाळ्यात पंखा बंद असतो, ही नाशिककरांची मोठीच सोय आहे.

अल्बम आधी फोनवर उतरवून घ्यावा आणि फोन फ्लाइट मोडवर टाकावा. शफल बंद करावे, आणि एक गाणे संपता संपता दुसरे त्यात मिसळण्याची सोय चालू असेल तर तीही बंद करावी, कारण दोन गाण्यांमधली शांतता अल्बमचाच भाग असते. गायिका अडेल हिच्या आग्रहावरून स्पॉटिफायने २०२१ मध्ये अल्बमच्या पानावरील मुख्य बटण शफलऐवजी क्रमवार वादनाचे केले, ते याच कारणासाठी. हेडफोन महागडे नसले तरी चालतात.

पहिल्या ऐकण्यात शब्द वाचू नयेत. छापील ओळ समोर असली की डोळा कानाच्या पुढे धावतो आणि गायकाने एखाद्या शब्दापाशी घेतलेला थांबा निसटून जातो. अल्बम अथपासून इतिपर्यंत एका बैठकीत ऐकावा. असे अल्बम बहुधा पाऊण तासाच्या आत संपतात. मत बनवण्याची घाई करू नये, केवळ कोणत्या दोन-तीन ठिकाणी लक्ष सुटले आणि कोणत्या ठिकाणी ते आपोआप परत आले, एवढे लक्षात ठेवावे.

दुसऱ्या ऐकण्यात आवाजाकडे मुद्दाम दुर्लक्ष करून गिटार ऐकावी, आणि माझ्या अनुभवाने खरी गोडी इथेच लागते. फिंगरपिकिंगमध्ये अंगठा जाड तारांवर खर्जाचा ठेका धरतो आणि उरलेली बोटे पातळ तारांवर वरची सुरावट विणतात, म्हणजे एकच माणूस दोन वादकांचे काम करत असतो. अंगठ्याचा मागोवा संपूर्ण गाणेभर घेता आला, तर साथ ‘एकसुरी’ असल्याची तक्रार बहुतेक वेळा आपोआप मिटते. त्यानंतर तारा कशा लावल्या आहेत ते पाहावे. यमनासाठी तानपुऱ्याची पहिली तार पंचमात लावतात, पण मालकंसात पंचमच नसल्यामुळे ती मध्यमात लावतात. तसेच अनेक गीतकार-गायक गाण्याच्या गरजेनुसार गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत लावतात, आणि मोकळ्या सुटलेल्या तारांचा एक अखंड नाद गाण्याखाली वाहत राहतो. कॅनडाच्या जोनी मिचेल यांचा डावा हात बालपणीच्या पोलिओमुळे अशक्त झाला होता. नेहमीच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूरसमूह) पकडणे कठीण जाई, म्हणून त्यांनी तारा निरनिराळ्या प्रकारे लावायला सुरुवात केली आणि त्यातूनच त्यांच्या गाण्यांना ती अनोखी स्वरसंगती मिळाली. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, ओळखणे त्या मानाने सोपे आहे: दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावला की सगळ्या तारा दोन अर्धस्वरांनी चढतात आणि गिटारचा आवाज किंचित बारीक, चमकदार होतो.

बोट तारेवरून सरकताना होणारा ‘चुर्र’ असा आवाज अनेकांना दोष वाटतो. पोलादी तारांच्या गिटारवर जाड बाजूच्या चार तारांना बहुधा बारीक तारेचे वेढे दिलेले असतात, त्या वेढ्यांवरून बोट घासल्याने हा आवाज येतो. पेटीच्या भात्याचा श्वास आपण जसा चालवून घेतो, तसाच हाही चालवून घ्यावा. तो पूर्ण पुसून टाकलेले ध्वनिमुद्रण मला तरी निर्जीव वाटते.

ध्वनिमुद्रणाच्या साधेपणालाही हेच लागू आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ साली घरच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर काही गाण्यांचा कच्चा खर्डा मुद्रित केला. नंतर वाद्यवृंदासह ती गाणी पुन्हा करून पाहिली, परंतु ती उतरली नाहीत आणि अखेर तो खर्डाच अल्बम म्हणून प्रसिद्ध झाला. निक ड्रेक यांचा १९७२ चा शेवटचा अल्बम जेमतेम २८ मिनिटांचा आहे आणि एका गाण्यातील पियानोचे मोजके सूर सोडले तर त्यात आवाज आणि गिटार यांवाचून काहीही नाही. अर्थात, साधेपणा म्हणजे गुणवत्ता असा उलटा अर्थही काढू नये. गिटार बेसूर लागलेली असेल किंवा शब्द ऐकूच येत नसतील, तर तो दोषच होय आणि तो दोष म्हणून सांगावा.

तिसऱ्या वेळी शब्द घ्यावेत. शक्य असल्यास एका गाण्याचे शब्द ऐकून स्वतः वहीत उतरवावेत. जिथे लिहिताना चूक होते, तिथे बहुधा गायकाने आघात अनपेक्षित अक्षरावर दिलेला असतो, किंवा आपण नेहमीचा शब्द गृहीत धरलेला असतो आणि कवीने तो टाळलेला असतो. मराठी गाण्यात ऱ्हस्व-दीर्घाकडे विशेष लक्ष द्यावे: चालीसाठी ऱ्हस्व अक्षर ओढले की शब्द पांगळा होतो, आणि जो गीतकार स्वतःच चाल बांधतो त्याला या चुकीसाठी सबब नाही. मात्र कागदावर सपाट दिसणारी ओळ केवळ तेवढ्यावरून बाद करू नये. ती ओळ तिसऱ्या कडव्यानंतर, बदललेल्या कॉर्डवर, पुन्हा येते तेव्हा तिचा अर्थ बदललेला असू शकतो.

प्रत्यक्ष कार्यक्रमाशी अल्बमची तुलना जपून करावी. रंगमंचावर गिटारचा आवाज बऱ्याचदा घोडीखाली बसवलेल्या पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या उपकरणातून, येतो, तो मायक्रोफोनने टिपलेल्या लाकडाच्या आवाजापेक्षा कडक आणि सडसडीत असतो. द्राक्षमळ्यातल्या मोकळ्या महोत्सवात तर नाजूक गाण्यांचा निभाव लागणे कठीणच.

अल्बम आवडला तर तो विकत घ्यावा. बँडकॅम्प या ऑनलाइन संगीतविक्रीच्या मंचावर डिजिटल विक्रीतील साधारण १५ टक्के मंचाकडे जातात आणि व्यवहाराचे शुल्क वजा जाता बाकीची रक्कम कलावंताला मिळते. त्यानंतर एखाद्या रविवारी तीन-चार जाणकार आणि एखादा ‘आवाज तयार नाही’ म्हणणारा, अशा मंडळींना घरी बोलवावे, पहिली पाच गाणी कोणीही मध्ये न बोलता ऐकावीत, मग चहा ठेवावा, आणि तक्रार करणाऱ्याला सर्वांत आधी बोलू द्यावे.