खाऱ्या पाण्यातला मासा आजारी पडला, तर घरी काय करावे

नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. इथल्या मरीन टँकमधले सगळे पाणी बादलीत मीठ कालवून बनवलेले असते. मासा मुंबई किंवा चेन्नईहून प्लॅस्टिकच्या पिशवीत, थकून आलेला असतो. तो आजारी पडला की औषध मागवण्यात दोन-चार दिवस सहज जातात आणि काही आजार तेवढी सवड देत नाहीत. म्हणून क्वारंटाइन टँकचे, म्हणजे माशाला वेगळे ठेवायच्या ‘दवाखान्या’चे, सामान मासा घेण्याच्या आधी घरात असावे, असे मी आग्रहाने सांगतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. वेगळ्या ठेवलेल्या माशाला आजाराइतकाच धोका तिथल्या अमोनियाचा आणि प्राणवायूच्या कमतरतेचा असतो. पुढची प्रत्येक पायरी वाचताना हे लक्षात असू द्या.

आधी पाहा, मग हात घाला

मासा धापा टाकताना दिसला की लगेच जाळी उचलू नका. टँकमधले सगळेच मासे एकदम वर येऊन धापा टाकत असतील, गोगलगायी आणि कोळंब्याही मरगळल्या असतील, तर दोष पाण्यात आहे. तापमान, क्षारता आणि अमोनिया मोजा, पाण्याचा काही भाग बदला, हवेचा पंप वाढवा. एकटा-दुकटा मासा त्रासात असेल, तर त्याच्या अंगाकडे टॉर्चच्या तिरप्या उजेडात नीट पाहा.

मिठाच्या दाण्यांसारखे सुटे, मोजता येतील असे पांढरे ठिपके म्हणजे बहुतेक मरीन इच. हा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाच्या परजीवीचा आजार. ठिपके एक-दोन दिवसांत दिसेनासे होतात आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रत्यक्षात परजीवी अंगावरून गळून तळाशी कोषात गेलेला असतो आणि तिथून शेकडो पिल्ले घेऊन परत येणार असतो.

ठिपक्यांऐवजी अंगावर बारीक सोनेरी-करडी पूड भुरभुरल्यासारखी दिसत असेल, श्वास अतिशय जलद असेल आणि मासा पंपाच्या धारेत तोंड खुपसून उभा राहत असेल, तर ते व्हेल्वेट, हाही परजीवीचाच आजार. यात पूड नीट दिसायच्या आतच कल्ले निकामी होऊ शकतात, त्यामुळे उद्यापर्यंत थांबू नका. क्लाऊनफिशच्या अंगावरून चिकट पांढऱ्या सालीसारखा स्राव सुटत असेल, तर ब्रुकलिनेला या परजीवीचा संशय घ्या. डोळे धुरकट झाले असतील आणि मासा खडकाला अंग घासत असेल, तर फ्लूक, म्हणजे अंगाला चिकटणारे चपटे कृमी, असू शकतात. खात्री हवी असेल तर अंगावरचा स्राव मायक्रोस्कोपखाली पाहणे हाच उपाय. सेमिनरी हिल्सच्या बाजूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि मत्स्यविज्ञान महाविद्यालय, दोन्ही आहेत. अडलात तर तिथे जाणकारांना विचारून पाहा.

दवाखाना मांडणे

साठ ते ऐंशी लिटरचा साधा काचेचा टँक पुरतो. मोठ्या टँग माशाला याहून मोठा लागेल. तळाशी वाळू नको, जिवंत खडक (जिवाणू वसलेला समुद्री खडक) नको, कारण दोन्ही औषध शोषून घेतात आणि परजीवीच्या कोषांना आसरा देतात. लपायला पीव्हीसी पाइपचे रुंद एल्बो आणि टी ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात ते स्वस्तात मिळतात आणि धुवून पुन्हा वापरता येतात. तीन बाजूंना गडद कापड लावा, वर जाळीचे झाकण घाला. घाबरलेला मासा उडी मारतोच.

हीटर, थर्मामीटर, एअर पंप, एअर स्टोन आणि स्पंज फिल्टर. यातला स्पंज सगळ्यात महत्त्वाचा. कोरडा नवा स्पंज अमोनिया खात नाही, ते काम त्यावर वाढलेले जिवाणू करतात आणि त्यांना वाढायला आठवडे लागतात. म्हणून एक जादा स्पंज मुख्य टँकच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) कायम पडू द्यावा. गरज पडली की उचलून इकडे लावायचा.

जाळी, सायफनची नळी, बादली, हात पुसायचा नॅपकिन, सगळे वेगळे. शक्य असेल तर टँक दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण व्हेल्वेटचा जीव बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांबरोबर काही अंतर जाऊ शकतो.

पाणी

महापालिकेच्या नळाला पेंच आणि कन्हानचे पाणी येते. ते पिण्यासाठी क्लोरिन घालून शुद्ध केलेले असते, माशासाठी तसेच वापरू नये. बोअरचे पाणी तर इथल्या खडकामुळे बऱ्याच ठिकाणी जड. आरओचे पाणी घ्या, पण घरच्या आरओबद्दल एक सावधगिरी. टीडीएस (विरघळलेले क्षार) ॲडजस्टर असलेले यंत्र साधे पाणी परत मिसळते, आणि तांब्याचे कार्ट्रिज असलेल्या यंत्रातून पाण्यात तांबे उतरते. असे पाणी मुख्य टँकमध्ये कोरलला घातक आणि दवाखान्यात औषधाचा हिशेब बिघडवणारे. टीडीएस मीटरने मोजा, आकडा शून्याच्या जितका जवळ तितके बरे.

लिटरला साधारण ३५ ग्रॅम मरीन मीठ घालून, पंप लावून २४ तास फिरू द्या. खायचे मीठ चालत नाही. विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५ च्या आसपास, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस. आजारी मासा घरात असेपर्यंत चाळीसेक लिटर तयार पाणी झाकून ठेवलेले असावे. रात्री अकराला अमोनिया वाढला, तर मीठ कालवत बसायला वेळ नसतो.

मासा हलवणे आणि गोड्या पाण्याची आंघोळ

जाळीने पकडू नका. टँगच्या शेपटीजवळचा काटा आणि क्लाऊनच्या कल्ल्याजवळचे काटे जाळीत अडकून फाटतात. खोलीतला दिवा मंद करून पारदर्शक डब्यात हळूच वळवून घ्या. दोन्हीकडचे पाणी तापमान आणि क्षारता यांत जुळलेले असेल, तर फार वेळ थेंब-थेंब पाणी घालत बसण्याची गरज नाही.

फ्लूकचा संशय असेल किंवा व्हेल्वेटने मासा गुदमरत असेल, तर गोड्या पाण्याची आंघोळ लगेच दिलासा देते. काळ्या रंगाच्या टबात आरओचे पाणी घ्या, खायच्या सोड्याने पीएच ८.२ च्या आसपास आणा, तापमान तंतोतंत जुळवा, अर्धा तास जोरात हवा सोडा. मग मासा तीन ते पाच मिनिटे ठेवा आणि नजर हटवू नका. फ्लूक असतील तर काळ्या तळावर छोटे पांढरे थेंब पडलेले दिसतील. मासा सुरुवातीला धडपडेल. निपचित पडून श्वास मंदावू लागला तर वेळ न मोजता बाहेर काढा. आधीच आडवा पडलेल्या माशाला हे देऊ नका. आणि ही आंघोळ म्हणजे पूर्ण उपचार नव्हे.

औषध

इच आणि व्हेल्वेट, दोन्हींवर भरवशाचे औषध तांबे. चिलेटेड कॉपर (दुसऱ्या रेणूला बांधलेले तांबे) साधारण २ ते २.५ पीपीएमला, म्हणजे लिटरला तेवढ्या मिलिग्रॅमला, ठेवतात. आयनिक कॉपरची (सुट्या तांब्याची) मात्रा याहून कितीतरी कमी, काही उत्पादनांत ०.५ पीपीएम. म्हणून बाटलीवरची पातळी वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका, आणि त्या प्रकारच्या तांब्याला चालणारीच टेस्ट घ्या. डिजिटल कॉपर चेकर परवडत असेल तर तोच घ्यावा. मात्रा दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवा, व्हेल्वेट असेल तर जरा लवकर. मग ३० दिवस त्या पातळीखाली एकदाही येऊ देऊ नका. एक दिवस पातळी घसरली, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

तांब्याबरोबर अमोनिया बांधणारे कंडिशनर घालू नका. त्यातली काही रसायने तांब्याचे रूप बदलून ते माशालाच विषारी करतात. तांबे मुख्य टँकमध्ये तर कधीच नाही. कोरल, कोळंबी, गोगलगायी, सगळे मरतील.

फक्त इचच आहे अशी खात्री असेल, तर क्षारता दोन दिवसांत विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत उतरवून ३० दिवस धरून ठेवणे हाही मार्ग आहे. व्हेल्वेट याला दाद देत नाही. फ्लूकसाठी प्राझिक्वांटेल, लिटरला सुमारे २ ते २.५ मिलिग्रॅम, आणि अंड्यांतून निघालेल्यांसाठी आठवड्याभराने पुन्हा. ब्रुकलिनेलाला फॉर्मेलिनची आंघोळ लागते. ते माणसालाही घातक रसायन आहे, त्यामुळे जाणकाराच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, उघड्या हवेतच. अँटिबायोटिक मनाने घालू नका, ती स्पंजमधले जिवाणूही मारू शकतात.

रोजची शुश्रूषा

सकाळी पहिले काम, अमोनियाची टेस्ट. मरीन पाण्याचा पीएच जास्त असतो, त्यामुळे तेवढ्याच आकड्याचा अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. ०.२५ पीपीएम दिसले की चौथा हिस्सा पाणी बदला, आणि नव्या पाण्यात त्याच प्रमाणात तांबे आधीच मिसळा.

खाणे थोडे थोडे, दिवसातून तीनदा. गोठवलेले मायसिस आणि ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारखे बारीक जीव), टँगला बिनमिठाची, बिनतेलाची नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ). काहीच खात नसेल तर घरी आर्टेमियाची, म्हणजे ब्राइन श्रिम्पची, अंडी उबवून हलती पिल्ले द्या. हालचाल पाहून रुसलेला मासाही तोंड उघडतो. लसणाच्या रसाने काहींची भूक चाळवते, पण त्याने इच बरा होतो या समजुतीला आधार नाही. दहा मिनिटांत जे खाल्ले नाही ते सायफनने बाहेर काढा.

आता उन्हाळा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) रात्रही उतरत नाही. २५ अंशांच्या समुद्रपाण्यात लिटरला सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. फरक लहान वाटतो, पण ज्या माशाचे कल्ले परजीवीने खाल्लेत त्याला तो जाणवतो. टँक उन्हाच्या भिंतीला लावू नका. पाण्यावर छोटा पंखा लावला की तापमान उतरते, मात्र कुलरने खोली दमट झालेली असेल तर पंख्याचा गुण कमी येतो. एसीची खोली मिळाली तर उत्तम. नाहीतर घट्ट बंद केलेली बर्फाची बाटली तरंगत ठेवा आणि तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नका. पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून रोजची भर बिनमिठाच्या आरओ पाण्याने. लाईट गेली तर बॅटरीचा एअर पंप आपोआप सुरू व्हायला हवा, याची महिन्यातून एकदा तपासणी करा. डिसेंबरच्या थंड रात्री मात्र हीटरशिवाय भागत नाही.

मुख्य टँक रिकामा ठेवणे

बरेच जण इथे घाई करतात. इच किंवा व्हेल्वेट असेल तर मुख्य टँकमधले *सगळे* मासे दवाखान्यात यायला हवेत, ठणठणीत दिसणारेसुद्धा. इचचे काही कोष फुटायला ७२ दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे. म्हणून ७६ दिवस तिथे एकही मासा नको. कोरल आणि गोगलगायी राहू द्या, त्यांच्या अंगावर हा परजीवी जगत नाही.

परत पाठवणे

औषध संपल्यावर पाणी बदलून आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन लावून तांबे काढा, मग दोन आठवडे नुसते निरीक्षण. मासा तिन्ही वेळा हपापून खात असेल, श्वास शांत असेल, अंग स्वच्छ असेल आणि मुख्य टँकचे दिवस भरले असतील, तरच हलवा. दवाखान्याचे पाणी त्याच्याबरोबर मुख्य टँकमध्ये जाऊ देऊ नका.

रिकामा टँक, पाइप, जाळी, नळी ब्लीचने धुवून गच्चीवर उन्हात पूर्ण कोरडे करा. तांब्यात राहिलेला स्पंज फेकून द्या आणि नवा सम्पमध्ये टाका. उरलेले औषधी पाणी कुंड्यांना, विहिरीत किंवा तलावात जाऊ नये. ते सांडपाण्याच्या नाल्यात, भरपूर साध्या पाण्याबरोबर सोडा.