मॉरिस मायनरचा पंप टिकटिकेना

बडोद्यात उन्हाळ्यात जुनी गाडी बंद पडली की जो तो ‘व्हेपर लॉक’ (उष्णतेने पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) म्हणत, पाइप थंड करायला ओलं फडकं घेऊन धावतो. दांडिया बाजारात आमची मॉरिस मायनर १००० थांबली तेव्हाही तेच. पण चावी फिरवल्यावर एस.यू. कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप टिकटिकलाच नाही. एरवी तो भराभर टिकटिकतो, कार्ब्युरेटरचा फ्लोट चेंबर (पेट्रोल साठवणारी छोटी वाटी) भरला की गप्प होतो. टिकटिक थांबतच नसेल, तर टाकी रिकामी किंवा पाइप कुठेतरी हवा खेचतोय.

पान्याच्या दांड्याने पंपावर हलकेच टकटक केलं, लगेच चालू! म्हणजे पंपातले वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट खराब. घरी बॅटरी सोडवून पंपाचं काळं झाकण काढलं. पॉइंटांवर काजळी आणि मधोमध बारीक खड्डा. झिरो नंबरचा पॉलिश पेपर फिरवला, मग कोऱ्या कागदाची पट्टी ओढून भुकटी पुसली. पंप पूर्ववत.

गॅरेजवाले काका म्हणाले, “अहो, नवा डायोडवालाच टाका ना!” चालेल, डायोड पॉइंटांवरची ठिणगी दाबतो; पण या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. निगेटिव्ह अर्थचा (मायनस बॉडीला असलेल्या गाडीचा) डायोड जोडलात तर जळतो. शिवाय इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनी रबरं फुगतात, तेव्हा पाइप आणि डायफ्रॅमही (पंपातला पेट्रोल खेचणारा लवचिक पडदा) तपासून घ्या.