लिनक्समध्ये दुसरं नेटवर्क कार्ड लावताय? या चुका टाळा

जुन्या डेस्कटॉपमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड बसवून त्याचा राउटर करायला घेतात, कार्ड चालत नाही, आणि लगेच कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल करायला, म्हणजे सोर्समधून नव्याने बांधायला बसतात. थांबा. आधी 'एलएसपीसीआय' (lspci) ही कार्डांची यादी देणारी कमांड 'के' (-k) पर्यायासह चालवा. कोणत्या कार्डाला कोणता ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) लागलाय ते तिथे दिसतं. कार्ड यादीतच नसेल, तर स्लॉट आणि बायॉस तपासा. कार्ड आहे पण ड्रायव्हरची ओळ नाही, तेव्हा कर्नलकडे वळायचं.

दोन कार्डं म्हणून ड्रायव्हरही दोनदा टाकायचा, हा गैरसमज आयएसए या जुन्या स्लॉटच्या कार्डांच्या काळातला असावा. तेव्हा कर्नल आपणहून एकच कार्ड शोधायचा आणि दुसऱ्यासाठी बूट करताना 'ईथर=' असं लिहावं लागायचं. नंतर आलेल्या पीसीआय स्लॉटच्या कार्डांना ही कटकट नाही. दोन्हींवरची चिप एकाच प्रकारची असेल तर एकच मॉड्यूल (कर्नलपासून वेगळा ठेवलेला, लागेल तेव्हा लोड होणारा ड्रायव्हर) दोन्ही कार्डं सांभाळतं.

चिप वेगळ्या असतील तर कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये दोन्ही ड्रायव्हर निवडा, पण 'वाय' (कर्नलमध्येच बांधा) नको, 'एम' (मॉड्यूल) करा. कर्नलमध्येच बांधलेला ड्रायव्हर डिस्क माउंट होण्याआधी जागा होतो. त्याला तेव्हाच फर्मवेअर (कार्डात भरायचा, डिस्कवर ठेवलेला कोड) हवं असेल, तर ते त्याला सापडत नाही. मॉड्यूल जागेवर नेऊन ठेवणारी 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' ही कमांड विसरू नका, आणि ग्रबच्या (बूट करताना कर्नल निवडायच्या) मेनूतून जुना कर्नल काढू नका.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती नावांमुळे. कर्नल कार्डं ज्या क्रमाने सापडतील तशी ईथ०, ईथ१ नावं देतो. तो क्रम बदलला की फायरवॉलचे नियम भलत्याच कार्डाला लागतात, आणि हे फार धोक्याचं आहे. २०१३ साली सिस्टमडीच्या (बूटनंतर सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) १९७व्या आवृत्तीपासून स्लॉटवरून 'ईएनपी३एस०' अशी नावं आली. तीही अढळ नाहीत, कारण नवं कार्ड घातल्यावर बसचे क्रमांक सरकू शकतात आणि कालचं पी३ आज पी४ होतं. म्हणून 'ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क'मध्ये '.लिंक' फाइल करून नाव मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकाला) बांधा. नाव 'वॅन०' (इंटरनेटच्या बाजूचं), 'लॅन०' (घरच्या नेटवर्कचं) असं ठेवा. ईथ१ ठेवलंत तर कर्नल तेच नाव दुसऱ्या कार्डाला देऊन मोकळा होतो आणि नाव बदलणं फसतं.

दोन्ही कार्डं एकाच स्विचला आणि एकाच सबनेटमध्ये (आयपी पत्त्यांच्या एकाच गटात) जोडलीत तर आणखी एक विचित्र प्रकार दिसतो. तुम्ही एका कार्डाची केबल काढता, तरी त्याचा आयपी पिंगला उत्तर देत राहतो! लिनक्सच्या दृष्टीने आयपी पत्ता कार्डाचा नसून अख्ख्या मशीनचा असतो, त्यामुळे एआरपीचं ('हा आयपी कोणत्या मॅक पत्त्यावर आहे?' या प्रश्नाचं) उत्तर कोणतंही कार्ड देतं. शक्यतो सबनेट वेगळे ठेवा. ते जमतच नसेल, तर कर्नलच्या सेटिंगमध्ये 'एआरपी_इग्नोर' १ आणि 'एआरपी_अनाउन्स' २ करा. दोन्ही ओळी 'ईटीसी/सिससीटीएल.डी' (/etc/sysctl.d) मधल्या फाइलमध्ये लिहा, नाहीतर पुढच्या रीबूटला सगळं मूळपदावर.