स्कॅनर लिंक होईना? लगेच ईसीएमवर खापर फोडू नका, या चुका टाळा

परवा विश्रामबागेतनं एक जण डिझेल गाडी घेऊन आला, म्हणाला दुसरीकडं ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय म्हणून सांगितलंय, लाखाच्या आसपास खर्च आहे. मी म्हणलं, आवो गाडी तर तुम्ही चालवत आणली की, ईसीएम गेला असता तर इंजिन चालू कसं झालं असतं? गाडीतले फॉल्ट वाचायचा स्कॅनर लावला तर स्कॅनरचा लाइटच लागेना. लाइटरच्या भोकात बघितलं तर आत एक रुपयाचं नाणं! बऱ्याच गाड्यांत लाइटर आणि ओबीडी कप्लरचा (स्कॅनर लावायच्या १६ पिनच्या सॉकेटचा) फ्यूज एकच असतो, नाणं शॉर्ट झालं, फ्यूज उडाला, विषय संपला.

तर पहिली चूक हीच, स्कॅनरचा लाइट लागतोय का तेच न बघणं. लाइट नसेल तर प्रोटोकॉल (गाडी आणि स्कॅनरची बोलायची भाषा), सॉफ्टवेअर असलं काही बघत बसू नका, सप्लाय बघा. १६ नंबर पिनला बॅटरीचा करंट चावी बंद असतानाही यायला पाहिजे, आणि ४ व ५ नंबरला अर्थ (निगेटिव्ह). वरच्या ओळीत १ ते ८, खाली ९ ते १६, पण काही गाड्यांत कप्लर उलटा बसवलेला असतो, तेव्हा रुंद बाजू वर धरून मोजा.

आता मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे झालं असं नाही हां. २०१९ च्या पुरात बुडालेली एक गाडी आली होती, वरनं चकाचक धुतलेली, मीटर १२ दाखवतोय पण स्कॅनर लावला की बंद पडतोय. १६ आणि ४ मध्ये पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब लावला तर नुसता लालसर. अर्थचा थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) गंजून हिरवा झालेला, वायरचे दोन-चार तार शिल्लक. मीटर करंट ओढत नाही, त्याला काय कळणार. हा बल्ब ६ आणि १४ या डेटाच्या पिनांना मात्र चुकूनही लावायचा नाही.

आणि मीटरची जाड पिन समोरनं कप्लरात कोंबू नका, आतला टर्मिनल फाकतो, मग लूज कॉन्टॅक्ट आपणच करून ठेवतो. मागनं टोचा.

स्कॅनरचा लाइट लागतोय, चावी ऑन आहे (ही पण लोक विसरतात, हसू नका), तरी लिंक नाही, तर मग कॅन लाइन बघा, म्हणजे गाडीतले मॉड्यूल (छोटे कॉम्प्युटर) ज्यावरनं एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी. बॅटरीचा टर्मिनल काढा, पाच मिनिटं थांबा, ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आलं तर लाइन बरी, १२० आलं तर एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय किंवा वायर ओपन आहे, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायर एकमेकीला शॉर्ट. जुन्या गाडीत ७ नंबरची के लाइन (एका वायरीची जुनी डेटा लाइन) असते, तिथं हे ६० शोधत बसू नका. नव्या गाड्यांत मध्ये गेटवे (कप्लर आणि बाकीच्या लाइनींमधला मॉड्यूल) असतो, तिथं पण आकडा वेगळा येऊ शकतो.

शॉर्ट निघाला तर आधी बाहेरनं लावलेल्या वस्तू काढा, जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा, नवा स्टिरिओ. वायर सोलून टेप गुंडाळलेली असते, निम्मी भानगड तिथंच निघते. मग एकेक मॉड्यूलचा कप्लर काढून ओहम बघत जा. पिवळ्या कप्लरला हात लावू नका, तो एअरबॅगचा असतो.

मोबाइलवाले ब्लूटूथ डोंगल वापरत असाल तर ते आधी लिंक होणाऱ्या दुसऱ्या गाडीत लावून बघा. स्वस्तातल्या नकली डोंगलमध्ये सगळे प्रोटोकॉल चालत नाहीत, आणि साधं ब्लूटूथवालं आयफोनला लागतच नाही.