डिफेन्समध्ये खेळायचंय म्हणणाऱ्यांसाठी

मी मूळची नाशिकची. फिजिओथेरपी तिकडे केली, मास्टर्स इकडे, आणि आता अमेरिकेत ओहायोतल्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे. दुखापती होऊ नयेत म्हणून बघायचं, झालीच तर मैदानात धावायचं आणि नंतर त्या मुलाला परत उभं करायचं, हे काम. माझ्या वाट्याला पहिल्यापासून डिफेन्स, म्हणजे बचावाची बाजू, आलाय. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत कुणाचा तरी नववीतला मुलगा "मावशी, मला लाइनबॅकर व्हायचंय" म्हणत येतो आणि मागे त्याची आई चेहरा पाडून उभी असते, तेव्हा दोघांना जे सांगते ते एकदाच लिहून ठेवते.

खेळ नवा असेल तर थोडक्यात: दोन्हीकडे अकरा-अकरा जण. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. डिफेन्सने ते होऊ द्यायचं नाही. पुढच्या फळीत टॅकल आणि एंड, ही धिप्पाड मंडळी. त्यांच्यामागे लाइनबॅकर, सगळ्यात मागे आणि कडेला कॉर्नरबॅक, सेफ्टी. शाळेत मिळालेली जागा शेवटपर्यंत राहीलच असं नाही. रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डला गेला तो रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा, म्हणून. तिथे कॉर्नरबॅक झाला, एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पाचव्या फेरीत निवडला गेला आणि सीॲटलच्या सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या डिफेन्समध्ये गाजला. जे. जे. वॉट आधी टाइट एंड, म्हणजे चेंडूवाल्या बाजूचा खेळाडू, होता. पहिलं कॉलेज सोडलं, मधल्या काळात पिझ्झा पोचवले, विस्कॉन्सिनला स्कॉलरशिपशिवाय संघात शिरला आणि डिफेन्सिव्ह एंड झाला. पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू! तेव्हा कोचने जागा बदलली म्हणून घरी येऊन रुसून बसू नका.

सगळ्यांना वाटतं डिफेन्स म्हणजे धडक. धडक महत्त्वाची आहेच, पण ती द्यायला तुम्ही योग्य जागी पोचायला हवं, आणि तिथे डोळे पोचवतात. नव्या लाइनबॅकरची नजर हमखास चेंडूवर असते. कोच त्याला ओरडून ओरडून गार्डकडे, म्हणजे चेंडूवाल्यांच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूकडे, बघायला लावतात. समोरच्या गार्डचा जमिनीवर टेकलेला हात बघायचा. बोटं रुतलीत, नखं पांढरी पडलीत, तर वजन पुढे टाकलंय; बहुधा चेंडू घेऊन धावणार. हात नुसता टेकवलाय आणि वजन टाचांवर आहे, तर तो मागे सरकून पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखायच्या तयारीत आहे, पास येणार. स्नॅप झाल्यावर, म्हणजे चेंडू खेळात आल्यावर, गार्ड आपली जागा सोडून आडवा धावत सुटला, तर चेंडूही बहुतेक त्याच बाजूला जाणार. मुरलेले गार्ड मुद्दाम खोटा हात लावतात, म्हणून आठवडाभर त्याच माणसाची फिल्म पुढे-मागे करून बघायची. कॉर्नरबॅकचं वेगळं. त्याने रिसीव्हरच्या डोक्याकडे, खांद्यांकडे बघायचंच नाही. ते हुलकावणी देतात. कंबर वळली, की माणूस खरा वळला. आमच्याकडची कितीतरी दणकट मुलं हे बघणं न जमल्यामुळे दुसऱ्या वर्षी बाकावर गेलेली मी पाहिलीत. त्यांच्यापेक्षा हळू पळणारी खेळत राहिली.

आता आयांच्या प्रश्नाकडे येते. डोकं.

टॅकल करताना, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडताना, मान वर, डोळे उघडे, खांदा लावायचा, हातांनी कवळायचं. डोकं खाली घालून घुसलं की मणक्याची वाक सरळ होते आणि सगळा दाब मानेवर येतो. पिट्सबर्गचा लाइनबॅकर रायन शेझियर डिसेंबर २०१७ मध्ये असाच डोकं खाली ठेवून टॅकलला गेला आणि कमरेखालची हालचालच बंद झाली. तो पुन्हा चालू लागला, त्यासाठी केलेली मेहनत अफाट. पण खेळ कायमचा सुटला. २०१८ पासून एनएफएलने डोकं झुकवून धडकण्यावर १५ यार्डांचा दंड लावलाय. कॉलेजमध्ये हेल्मेटचा तसा वापर केला तर मैदानाबाहेर काढतात. नियम आहेत, तरी मेंदूला बसणारे छोटे छोटे हादरे नियमाने थांबत नाहीत, आणि अशा हादऱ्यांशी जोडल्या जाणाऱ्या सीटीई या मेंदूच्या आजाराचं खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. सॅन फ्रान्सिस्कोचा लाइनबॅकर ख्रिस बॉर्लंड याच विचाराने २०१५ मध्ये, एक उत्तम हंगाम खेळून, चोविसाव्या वर्षी बाहेर पडला. मुलाला थोपवा असं मी कुठल्या आईला सांगत नाही. लहान असेल तर आधी फ्लॅग फुटबॉल खेळू द्या, एवढं मात्र आवर्जून सांगते. त्यात टॅकलऐवजी कमरेची पट्टी ओढतात, म्हणून धडक नाही आणि नजर, पावलं दोन्ही तयार होतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खेळ आहेच.

२ जानेवारी २०२३ ला बफेलोचा सेफ्टी डामार हॅमलिन सिनसिनाटीत एक साधं टॅकल करून उठला आणि कोसळला. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या फटक्याने हृदय थांबलं होतं. संघाचे सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी तिथेच सीपीआर दिला, म्हणजे छाती दाबत राहिले, आणि पुढच्या हंगामात हॅमलिन परत खेळला. मुलाच्या शाळेत सरावाच्या वेळी एईडी, म्हणजे थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन, कुठे असतं आणि ट्रेनर हजर असतो का, हे हेल्मेटच्या ब्रँडआधी विचारा.

पैशांचं स्वप्न सगळ्यांना ठाऊक असतं. २०२५ मध्ये डिफेन्सच्या मायका पार्सन्सला ग्रीन बेने चार वर्षांसाठी १८.८ कोटी डॉलरचा करार दिला, तो आकडा मुलं तोंडपाठ म्हणतात. खालची बाजू कुणी बघत नाही. शाळा संपल्यावर तीन वर्षं गेल्याशिवाय ड्राफ्टला उभंच राहता येत नाही. ड्राफ्टच्या सात फेऱ्या, सगळ्या जागा मिळून अडीचशेच्या थोडे वर खेळाडू. उन्हाळी कॅम्पला संघात ९० जण, ऑगस्टअखेर ५३ उरतात. आणखी सोळा-सतरा जण प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावाच्या राखीव तुकडीत, आठवड्याच्या पगारावर. २०२४ मध्ये तो किमान १२,५०० डॉलर होता. त्याच वर्षी नवख्याचा वर्षाचा किमान पगार ७,९५,००० डॉलर होता, पण जेवढे आठवडे संघात राहाल तेवढ्याच आठवड्यांचा. बहुतेकांच्या करारातली रक्कम हमीची नसतेच. पेन्शनला पात्र व्हायला तीन हंगाम भरावे लागतात आणि सरासरी कारकीर्द, खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने, तीन वर्षांच्या किंचित वर. बारीक हिशेब आपल्याला जमतो, तो इथे जरूर करा.

या चाळणीतून सुटलेला माझा आवडता माणूस जेम्स हॅरिसन. केंट स्टेटचा, म्हणजे आमच्या ओहायोचाच. उंची जेमतेम सहा फूट, लाइनबॅकरसाठी कमीच. २००२ मध्ये कुणी ड्राफ्ट केला नाही. पिट्सबर्गने घेतला, काढला, परत घेतला, परत काढला. बाल्टिमोरने घेतला, युरोपातल्या लीगमध्ये पाठवला, काढला. २००४ मध्ये पिट्सबर्गच्या एका लाइनबॅकरचा हात दुखावला म्हणून पुन्हा बोलावणं आलं. तिथून तो स्पेशल टीम्सवर, म्हणजे किकच्या वेळी धावत जाऊन टॅकल करण्याच्या बिनचेहऱ्याच्या कामावर, टिकला. कायमची जागा २००७ ला मिळाली आणि २००८ चा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू तो ठरला. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये आपल्या गोललाइनवर समोरच्यांचा पास पकडून १०० यार्ड धावला. ड्राफ्ट न झालेल्यांनी स्पेशल टीम्सला नाकं मुरडू नयेत. संघातल्या शेवटच्या पाच-सात जागा तिथेच ठरतात.

आपल्या घरांतला हमखास प्रश्न, शाकाहार. वजन वाढेल का? वाढतं, पण वरण-भातावर सोडून चालत नाही. दर जेवणात प्रथिनं मोजावी लागतात, म्हणून आहारतज्ज्ञ गाठा. टेनेसीचा लाइनबॅकर डेरिक मॉर्गन आणि त्याचे अनेक सहकारी तर दूधही वर्ज्य करून खेळले. मॉर्गनची बायको शेफ, तीच त्यांचे डबे करायची.

"आपल्यातलं कुणी आहे का?" वडील भारतीय असलेला ब्रँडन चिलार सेंट लुइस आणि ग्रीन बेकडून लाइनबॅकर खेळला. भारतात सुरू झालेल्या एलिट फुटबॉल लीगमागेही तो होता, आणि त्या लीगमध्ये चक्क पुणे मराठाज नावाचा संघ होता. अमेरिकेबाहेरच्यांसाठी एनएफएलचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम २०१७ पासून चालतो. लंडनमध्ये वाढलेला एफे ओबाडा त्यातूनच कॅरोलायनाचा डिफेन्सिव्ह एंड झाला.

कॉलेज निवडताना डिग्री आधी बघा, संघ नंतर. कॅम्पस बघायला जाल तेव्हा कोच तुम्हाला झगमगीत लॉकर रूम दाखवतील. तुम्ही ट्रेनिंग रूम दाखवा म्हणा. तिथे कुणी मुलगा टेबलावर बसून बोटांना टेप लावून घेत असेल, त्याला हळूच विचारा, मार लागल्यावर कधी खेळायचं हे इथे कोण ठरवतं. त्याने "डॉक्टर" म्हणायच्या आधी दाराकडे बघितलं, तर दुसरं कॉलेज शोधा.