सोलापूरच्या काळ्या मातीत एक्झोरा कसा जगवावा, फुलवावा

नर्सरीतून आणलेला एक्झोरा, म्हणजे गुच्छांनी फुलणारं झुडूप, हिरवागार असतो. पिशवीतली तांबडी माती संपून मुळं आपल्या काळ्या मातीत शिरली की पानं पिवळी पडू लागतात आणि लोक खत वाढवतात. खरं कारण असतं चुनखडी. तिच्यामुळे मातीतलं लोह मुळांना घेताच येत नाही. म्हणून सगळी मेहनत लावतानाच करावी.

आधी मुठभर मातीवर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना भरपूर आहे. अशा जमिनीत खड्डा खणू नका. चिकण मातीतल्या खड्ड्यात सप्टेंबरचा पाऊस साचतो आणि मुळं कुजतात. त्याऐवजी जमिनीवर दीड फूट उंच, तीन फूट रुंद वाफा करा. त्यात दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग पालापाचोळ्याचं खत. राख आणि अंड्याची टरफलं अजिबात नकोत. भिंतीपासूनही तीन फूट लांब राहा, गिलाव्यातला चुना पावसाबरोबर खाली उतरतो.

जागा पूर्वेची. सकाळचं चार-पाच तास ऊन हवंच, त्याशिवाय फूल धरत नाही. पण एप्रिल-मेमधलं दुपारचं ऊन पानं करपवतं, तेव्हा ५० टक्क्यांची शेडनेट बांधा. लागवड जून-जुलैत करावी. बुंध्याभोवती उसाचं पाचट तीन इंच पसरा, बुंध्याला मात्र टेकू देऊ नका.

बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. ते नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा १० लिटर पाण्यात ३ ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) घालून द्या.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोह कमी पडल्याची खूण. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर कारण वेगळं, बहुधा नत्र. लोहासाठी १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्व मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. नुसतं हिराकस चुनखडीच्या मातीत टाकणं वाया जातं. मातीतूनच द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह घ्या, झाडाला ५ ग्रॅम. ईडीटीए प्रकार आपल्या मातीत टिकत नाही, खरेदी करताना डब्यावर नीट वाचा.

फुलं नव्या फांदीच्या शेंड्याला येतात. त्यामुळे छाटणी बहर ओसरल्यावर, पहिल्या पावसात, एक तृतीयांशच. ऑक्टोबरनंतर कात्री लावली तर फाल्गुन-चैत्राचा बहर हातचा जातो. जानेवारीअखेर दोन ओंजळी गांडूळखत द्या, मग पाण्यात खंड पडू देऊ नका.

पानांवर काळी काजळी दिसली की मागे पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड असते. आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, नंतर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, फुलं वगळून, संध्याकाळी. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं औषध इथे नकोच, फुलपाखरं पितात त्या फुलातल्या मधातही ते उतरतं.

एक्झोराच्या फुलाची नळी लांब आणि बारीक, म्हणून लांब सोंडेची मोठी फुलपाखरं त्यावर जास्त येतात. कॉमन मॉर्मन आणि लिंबू फुलपाखरू अंडी मात्र लिंबू-कढीपत्त्यावर घालतात. शेजारी एक कढीपत्ता लावा आणि त्याची पानं अळ्यांनी खाल्लेली दिसली तरी त्यावर काही फवारू नका.